आधी पंख उघडून बघ

शिकार करणाऱ्याला दयामाया नसते, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते बहुधा दुकानातून कापून, धुऊन, पिशवीत घालून दिलेली कोंबडी घरी नेणारे लोक असतात. हाताला रक्त लागत नाही म्हणून त्यांना आपले हात स्वच्छ वाटतात. माझे हात कसे आहेत ते मला ठाऊक आहे, आणि ते कुठे खराब झाले तेही. बंदुकीने ते खराब झाले नाहीत.

रत्नागिरीकडे खाडीकाठी आमचं गाव. घरात एक दुनळी बंदूक होती. आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी ती कुठल्याशा बंदरातून आणलेली. पुढे परवान्यावर अब्बांचं नाव लागलं. रानकोंबडा, होला, कधीमधी ससा, एवढीच आमची शिकार. पण अब्बा शिकारीत जेवढे कडक, तेवढे नमाजाच्या वेळेतही नव्हते, असं आई म्हणायची. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही. खाणार नसू ते मारायचं नाही. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि घायाळ झालेलं रानात सोडून घरी यायचं नाही, मग करवंदीच्या जाळीत अंग सोलून निघालं तरी चालेल.

पडलेलं पाखरू जिवंत असलं तर अब्बा लगेच सुरी काढत नसत. आधी त्याचे दोन्ही पंख उघडायचे, हाडावरून बोट फिरवायचे. एकदा एक होला नुसता फांदीवर आपटून पडला होता, त्याला छर्रा लागलाच नव्हता. अब्बांनी तो थोडा वेळ छातीशी धरला आणि सोडून दिला. मी असा काही भडकलो की विचारू नका. दिवसभराच्या पायपिटीत तेवढाच एक मिळाला होता.

"पयलं पंख उघडून बग, मगच सुरी," ते म्हणाले. "जगनारा असला तर तो आपला नाय."

पुढे मी सौदीला गेलो. रास तनुरा बंदराच्या बऱ्याच वर, उत्तरेला, किनाऱ्यालगत माझ्या कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचं, वर्कशॉप होतं. मासेमारीच्या लाँचींची इंजिनं आम्ही दुरुस्त करायचो. कफील सत्तरीचा, एका डोळ्यात फूल पडलेला, तोंडाने फटकळ. आम्ही कामगार त्याला बाबा म्हणायचो. त्याचं अरबी आणि माझं हिंदी मिळून आमच्या दोघांची एक तिसरीच भाषा झाली होती, आणि तीत भांडणसुद्धा व्यवस्थित करता यायचं.

एक दिवस तो घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उलगडलं तर आत दुनळी बंदूक. विलायती, त्याच्या बापाची, बाहेरून दोन घोडे असलेली. दस्ता हाताने घासून घासून गुळगुळीत झालेला. डाव्या घोड्याची स्प्रिंग तुटली होती. "होईल?" त्याने विचारलं. मी गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद कापलं, चार संध्याकाळी कानशीने घासलं, तापवलं, तेलात विझवलं आणि स्प्रिंग बसवली. घोडा मागे ओढला तेव्हा जो खणखणीत आवाज आला, त्याने मला थेट आमच्या पडवीत नेऊन बसवलं. मी रडलो, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला काय जातं?

त्या हिवाळ्यात तो मला हुबाराच्या शिकारीला घेऊन गेला. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ, वाळूच्याच रंगाचा. थंडीत उत्तरेकडून येतो. लोक मोठमोठ्या गाड्या घेऊन त्याच्यामागे धावायचे, गाडीतूनच बार टाकायचे. म्हातारा त्यांना अशा शिव्या घालायचा की माझं अरबी त्यानेच सुधारलं. आम्ही गाडी लांब ठेवून पायी फिरलो. बंदूक बिजागरीतून उघडी ठेवून, नळ्या जमिनीकडे, अगदी अब्बांसारखी. उडालेल्या एका हुबाराला बार लागला, पण तो झुडपांत कुठेतरी पडला. एका डोळ्याचा तो म्हातारा दोन तास ऊन डोक्यावर घेऊन ते पाखरू शोधत राहिला. मी कंटाळून म्हटलं, बाबा, जाऊ दे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीही पुन्हा झुडपं धुंडाळायला लागलो. शेवटी सापडलं. त्याने त्याचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. मला वाटलं, याचा बाप आणि माझा बाप एकाच शाळेत शिकले असणार. त्या दिवसापासून तो माझा नुसता कफील राहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कुवेतवर इराकी फौज आली आणि सगळं पालटलं. आमच्या रस्त्यावरून दिवसभर लष्कराचे ट्रक जायला लागले. वर्कशॉपमधले निम्मे लोक आपापल्या देशी गेले. माझ्या खोलीत श्रीवर्धनकडचा एक वेल्डर राहायचा, माझ्याहून वयाने मोठा, त्याला मी चाचा म्हणायचो. तो रोज बॅग भरायचा आणि रोज उपसायचा. "मरायचा तर घराकडं मरू," म्हणायचा. पण गेला नाही, आणि मीही गेलो नाही. एकदा जागा सोडली की परत कोण बोलावतो? हुबारा त्या हिवाळ्यात आले की नाही, मला माहीत नाही. वाळवंटात रणगाडे होते. बंदूक घोंगडीत गुंडाळून म्हाताऱ्याच्या कपाटावर पडून होती.

लढाई सुरू झाली. भोंगे वाजायचे, आम्ही विषारी वायूच्या भीतीने तोंडाला ओले फडके बांधून बसायचो. त्याचीही सवय झाली. मग एका सकाळी आम्ही दोघं धक्क्यावर गेलो आणि चाचा म्हणाला, "ह्यो दर्या गप का?"

खरंच, समुद्राला आवाज नव्हता. लाटा येत होत्या, पण काळ्या, जाड, आणि किनाऱ्याला लागून न फुटताच आडव्या होत होत्या. कच्चं तेल. वरून कुवेतच्या बाजूने वाहत आलेलं. वासाने डोकं भणभणलं. वाळूवर मोठाले काळे गोटे पडले होते, आणि त्यातला एक गोटा हलला.

ती पाखरं होती. पाणकावळे, पाणडुब्या, आणि कितीतरी अशी की कोण आहे ते ओळखू येईना. अंगभर डांबर. चोचीने पिसं साफ करायला जायची आणि आणखी तेल गिळायची. पंख उघडायला बघायची, ते अंगाला चिकटलेले. ओरडत नव्हती. ओरडली असती तर मला सोसलं असतं, असं अजून वाटतं.

म्हातारा आला. बराच वेळ वाळूवर उकिडवा बसून राहिला. मी म्हटलं, बाबा, बंदूक आण.

"कशाला?" तो म्हणाला. "हे आपण खाणार नाही. खाणार नाही ते मारायचं कसं?"

इथे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण मला माझ्या इमानाचा माज होता. शिकारीचा धर्म मी बापाकडून शिकलो होतो, आणि या म्हाताऱ्यानेही घायाळ पाखरामागे दोन तास घालवलेले मी पाहिले होते. मी त्याला तेच ऐकवलं. घायाळ सोडून घरी जायचं नाही, हे तूच मला दाखवलंस ना? मग हे सोडून कुठे जायचं? ही तडफडून दोन-दोन दिवस मरणार, आणि आपण खोलीत बसून चहा प्यायचा? माझा आवाज चढला होता. त्याने एकदा समुद्राकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"मला कळत नाही," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "तुला कळत असेल तर तू कर."

त्याने बंदूक आणली. मी दोनच बार काढले. बसलेल्या पाखरांवर, आयुष्यात पहिल्यांदा. दहा मिनिटांत लष्कराची जीप येऊन उभी राहिली. लढाईच्या दिवसांत किनाऱ्यावर बार काढणारा मूर्ख कोण, ते बघायला. म्हाताऱ्याने सैनिकाला समजावून सांगितलं. सैनिकाने ती काळी वाळू बघितली, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "बंदूक घरी. खलास." आम्हाला धरून नेलं नाही, हे त्याचे उपकार.

मग मी सुरी काढली.

दोन दिवस मी तेच केलं. इंजिनांची कामं बंदच होती. पाखरू उचलायचं, डोकं मागे घ्यायचं, बिस्मिल्ला म्हणायचं, सुरी फिरवायची. खाणार नव्हतोच, पण बिस्मिल्ला सोडवेना. मूठ तेलाने इतकी सटकायची की सुरीला सुतळी गुंडाळावी लागली. रक्तसुद्धा काळंच दिसायचं. चाचा पहिल्या दिवशी थोडा वेळ आला, मग लांब जाऊन ओकला. "मना नाय जमत रे," म्हणाला, "आनि तुला कसा जमतो?" मला त्याचा राग आला. मी मनात म्हटलं, तू कोंबडी खातोस, तेव्हा तुला जमतं का? मी मारलेली पाखरं एका बाजूला ओळीने ठेवत गेलो, मागाहून पुरायची म्हणून. आपण एक अवघड, चांगलं काम करतो आहोत, असं मला खरोखर वाटत होतं. हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिकअप आली. मागे पुठ्ठ्याचे खोके, त्यांना भोकं पाडलेली. चालवणारा पेशावरचा पठाण, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेला.

"भाईजान," तो म्हणाला, "जो जिंदा हैं, वो हमें दे दो. हम धो रहे हैं."

"क्या धो रहे हो?"

"परिंदे," तो म्हणाला, जसं काही चादरी धुतोय. वर एका शेडमध्ये लोक जमले होते. भांड्यांच्या साबणाने पाखरं धुवायची, उबेत ठेवायची, खाऊ घालायचं. "सब नहीं बचते," तो म्हणाला, "लेकिन बचते हैं."

बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्या ओळीकडे गेलं. तो वाकला, एक पाणकावळा उचलला, मान वळवून बघितली. मग पुढचा उचलला. मग तिसरा.

"इनको तेल ने नहीं मारा," तो म्हणाला.

म्हातारा माझ्या मागेच उभा होता. मी म्हटलं, "मैंने मारा." पठाणाने हातातला पाणकावळा होता तिथे नीट ठेवला आणि खोके काढायला लागला.

मी बूट न काढता तेलात शिरलो. गुडघाभर आत एक पाणडुबी तरंगत होती, डोकं अजून वर धरून. ती धरली, खोक्यात घातली, आणि खोका मांडीवर घेऊन पिकअपमधून शेडपर्यंत गेलो. तिथे टबांच्या रांगा होत्या. एक गोरी बाई, बहुतेक नर्स असावी, तिने माझ्या हातातून पाणडुबी घेतली. साबणाच्या पाण्यात बोटं घालून तिने हळूहळू, पीस पीस सुटं करत, तिचा पंख उघडला. आणि हाडावरून बोट फिरवलं.

मी बघतच राहिलो. अब्बा रानात अगदी असंच करायचे, आणि मी दोन दिवसांत एकदाही केलं नव्हतं. एकाही पाखराचा पंख मी उघडला नव्हता.

"चांगला आहे," बाई इंग्रजीत म्हणाली. "पंख अगदी धड आहे."

तीन पाणी काळी झाली. चौथ्यात पाखरू दिसायला लागलं. तपकिरी, मऊ, आणि डोळा लाल, गुंजेसारखा. मी रोज तिथे जायला लागलो. टब धुतले, मेलेली उचलली, मासे कापून दिले. तिथे पुष्कळ मेली, खोटं कशाला सांगू. पण माझी पाणडुबी जगली. तीन आठवड्यांनी त्यांनी ती दक्षिणेच्या स्वच्छ खाडीत सोडली, तेव्हा मी तिथे होतो. तिने बुडी मारली आणि लांब वर आली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला त्या वाळूवरच्या ओळीतली पाखरं आठवत होती. त्यांतली किती जगली असती, हे कुणीच सांगू शकत नाही. तेच तर मला खातं.

म्हाताऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो तरी असतो. बंदूक त्याने पुन्हा घोंगडीत गुंडाळली आणि मी तिथे असेपर्यंत बाहेर काढली नाही.

लढाई संपल्यावर मी सुट्टीवर घरी आलो. अब्बा पडवीत बसून दुनळी साफ करत होते. एक नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघत त्यांनी विचारलं, "तिकडं शिकार केलीस काय?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. त्यांनी नळी खाली ठेवली.

"पंख उघडून बगितलास?"

"चिकटले होते, अब्बा. तेलाने चिकटले होते."

"मग सोडवायचेस," ते म्हणाले. रागावून नाही, साधंच. मग बंदुकीचं तेल लागलेली बोटं फडक्याला पुसू लागले. एकेक बोट, सावकाश. मला तिथे बसवेना.