चहाएवढं पुढं

येसू जीपवाल्याच्या घरातलं घड्याळ कायम पुढं. अख्ख्या पोशेरा गावाला ठाऊक होतं. त्याची बायको बाळी काटे पुढं करायची, येसू मागं आणायचा, आणि त्याची पाठ वळली की बाई स्टुलावर चढून पुन्हा पुढं! जन्मभर हेच भांडण. "मला घराबाहेर काढायची घाई हिला," असं तो जव्हारच्या स्टँडवर सगळ्यांना सांगत फिरायचा.

दोन वर्षांमागं बाळी गेली. घड्याळ तसंच पुढं चालत राहिलं आणि येसूनं त्याला बोट लावलं नाही. तिचं म्हणून घरात चालतं असं तेवढंच उरलं होतं. परवा सेल संपला नि मेलं बंद पडलं. लेक तुषारनं नवा सेल घातला, मोबाइल बघून काटे फिरवायला गेला, तसा येसू ओरडलाच, "थांब! तिची वेळ पुसशील." पण तिची वेळ म्हणजे किती पुढं? कुणालाच सांगता येईना. 

भावाची लेक चंदना सुट्टीला आली होती. नाशिकला फिजिक्स शिकते ती. येसूनं तिलाच गाठलं. "पोरी, तुझ्या शास्त्रात खरी वेळ कुठली गं?"

"एकच खरी अशी नसतेच, काका. ज्याचं त्याचं घड्याळ. धावणाऱ्याचं बसलेल्यापेक्षा कणभर हळू चालतं. अणू तर असला खोडकर, एकदमच दोन वेगांनी असू शकतो, मग त्याच्या घड्याळात दोन्ही वेळा कालवलेल्या. आणि जगाच्या बाहेर टांगलेलं मोठं घड्याळ काही नाही. एक गोष्ट दुसरीशी जुळवून बघायची, तीच वेळ."

"मंग तुझी काकी बसलेली नि मी धावणारा," येसू हसला.

"तर आठव ना, काकीच्या घड्याळाशी काय जुळायचं?"

येसू आठवू लागला. तो घड्याळ बघून उठायचा तेव्हा चुलीवर चहा उकळत असायचा. बाळी दोन पेले भरायची. म्हणायची, "बस ना जरा." काटे आपण मागं आणलेत या भरवशावर येसू घड्याळाकडं बोट दाखवायचा, उभ्याउभ्या चहा ढोसायचा नि पळायचा. आणि स्टँडवर? वेळेआधीच पोचलेला, पॅसेंजरची एक सीट नाही! जीपमध्ये एकटाच बसून बायकोच्या नावानं बोटं मोडायचा.

बोलता बोलता तो थांबला. "चंदना... अगं, ती मला घालवत नव्हती. लवकर उठवून चहाला बसवत होती." त्याचे डोळे भरून आले. "सांगायचं तरी वेडीनं!"

"काटे पुन्हा पुढं केलेत असं सांगितलं असतं, तर तू ते लगेच मागं आणले असतेस, काका."

येसूनं चहा टाकला. दोन पेले भरले, एक समोर ठेवला, आणि फुंकर मारत, मांडी घालून, सावकाश प्याला. मग तुषारला हाक मारली.

"मोबाइलची वेळ लाव. नि तिथून पुढं, आत्ता मी बसलो ना, तेवढं."