न मागितलेली माफी

चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा, पेनाला टोपण लावायचं आणि समोरच्याकडे बघत म्हणायचं, "नेमकं सांगा." अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या दवाखान्यात सिस्टर पंचवीस वर्षं अशाच बसल्या. मी स्टोअरमध्ये होतो. एकदा पोट धरून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"पोटात कसंतरी होतंय."

"कसंतरी हा आजार नाही. काय खाल्लंत?"

"वडे. एका साहेबांचा निरोपसमारंभ होता. तीन-चार खाल्ले असतील."

"नेमकं सांगा."

"अकरा."

"हं. आता औषध देता येईल."

अशा त्या. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. लग्न केलं नव्हतं, म्हाताऱ्या आईला सांभाळत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना बदलापुरात घर हवं होतं, तेव्हा मांजर्लीतल्या आमच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी सुचवला. हवेशीर आहे, नदी जवळ आहे, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नदी किती जवळ आहे ते पुढे कळलं.

तळमजल्यावर घर एकच, त्यांचं, बाकी पार्किंग. पहिल्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात आम्ही लोखंडी ग्रिल बसवलं होतं. का, तर कोणाच्या तरी चपला चोरीला गेल्या. ग्रिलच्या किल्ल्या वरच्या सगळ्यांना मिळाल्या, सिस्टरना नाही. चेअरमन म्हणाले, "उनको ऊपर क्या काम?" त्यांचं कॅम्प दोनच्या सिंधी बाजारात बटणांचं दुकान, त्यामुळे ते निम्मं हिंदीत बोलायचे. मी सेक्रेटरी. मी निम्मंही बोलायचो नाही.

एका पावसाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास उल्हास नदी पार्किंगमध्ये आली. बघता बघता स्कूटरची सीट बुडाली. दुसऱ्या मजल्यावरून चेअरमन ओरडले, "ग्रिल मत खोलो! एकदा उघडलं की मागची अख्खी चाळ वर येईल!" तेवढ्यात खालून सिस्टरांचा आवाज आला.

"भाऊ, ग्रिल उघडा! आईला वर घ्यायचंय!"

भाऊ म्हणजे मी. किल्ली माझ्या पायजम्याच्या खिशात होती. तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? मी बादल्यांत पाणी भरत होतो. खाली कमरेपर्यंत पाणी चढतंय आणि वर हा शहाणा नळ जाईल म्हणून बादल्या भरतोय. चेअरमन नाही म्हणालेत, वॉचमन काहीतरी करेल, अजून तेवढं पाणी नसेल, असं मनाशी म्हणत भरतोय. तीन हाका आल्या. मग येईनाशा झाल्या, आणि मला, लिहायला लाज वाटते, जरा बरं वाटलं.

दोन तासांनी आमचा दूधवाला छातीभर पाण्यातून आला आणि पहारीनं ग्रिलचं कुलूप तोडून त्यानं आजींना खांद्यावर वर आणलं. सिस्टरनी आईला जेवणाच्या टेबलावर निजवलं होतं. पाणी गोधडीला लागलं तेव्हा त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचलून धरलं होतं. सासष्ट वर्षांच्या बाईनं.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पहिला विषय काय होता, ओळखा. कुलूप कोणाच्या परवानगीनं तोडलं! त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि ती मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. शेवटी सिस्टर उठल्या.

"मी हाका मारल्या होत्या. त्या कोणी कोणी ऐकल्या?"

सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं. चेअरमन हसून म्हणाले, "जाऊ द्या ना सिस्टर, परिस्थितीच तशी होती. आणि तुमच्यात तर माफ करायचंच असतं. दुसरा गाल वगैरे."

आमच्या बिल्डिंगला ख्रिस्ती धर्मातलं तेवढंच माहीत होतं, दुसरा गाल. तोही दुसऱ्याचा.

"आमच्यात माफ करतात," सिस्टर म्हणाल्या, "झाकत नाहीत." आणि खाली गेल्या.

माझी बायको पुराच्या वेळी कल्याणला माहेरी अडकली होती. परत आल्यावर तिनं एकच विचारलं, "किल्ली तुमच्या खिशात होती ना?" पुढे दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सिस्टरांचे गुडघे गेलेत त्या दिवसापासून. रविवारी त्यांना अंबरनाथच्या चर्चला सोडत जा." म्हणजे माफी मागायला नको असेल तर निदान स्कूटर चालव. मला हे फारच परवडलं. माफीपेक्षा अंबरनाथ जवळ पडतं.

मी त्यांना सोडायचो आणि बाहेर झाडाखाली थांबायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या लवकर बाहेर आल्या. आत गाणं चालूच होतं.

"आज लवकर सुटलं?"

"सुटलं नाही. आज प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षारस. मी उठून आले."

"का?"

"मनात कोणाबद्दल राग धरून त्या मेजाशी जायचं नाही."

"कोणाबद्दल?" मी विचारलं. कसं विचारलं, देव जाणे.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "नेमकं सांगू?"

मी स्कूटरला किक मारली.

असे पाच महिने गेले. पाच वेळा त्या गाण्याच्या मधूनच उठून आल्या. आयुष्यभर ते मेज त्यांनी चुकवलं नव्हतं, तापातसुद्धा नाही. एकदा येता येता मागच्या सीटवरून आपणहून म्हणाल्या, "पास्टर म्हणतात, समोरचा मागो न मागो, सोडून द्यायचं. बरोबर आहे त्यांचं. रोज सकाळी सोडते. ग्रिल दिसलं की पुन्हा घशाशी येतं. सोडता येत नाही हे माझं पाप, भाऊ. त्याचं मी बघेन. पण तुमचं ते तुमचं."

मधल्या काळात, डिसेंबरात, आजी गेल्या.

आणि मग सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं. चेअरमननी माइक घेतला. "आपल्या सिस्टर! पुराच्या वेळी थोडे गैरसमज झाले, पण त्यांनी मोठ्या मनानं सगळ्यांना माफ केलं. अशा क्षमामूर्तीचा आपण सत्कार करतोय." शाल, नारळ, टाळ्या. शालीचं कव्हर मीच काढून दिलं.

काय म्हणावं या निर्लज्जपणाला! माफी मागायची नाही, चूक कबूल करायची नाही, आणि जिच्या दारात पाणी शिरलं तिच्याच गळ्यात परस्पर थोरपण बांधून मोकळं व्हायचं. पाप केलेल्यांनीच निकाल लावायचा, वर टाळ्याही वाजवायच्या. आणि हे सगळं तिच्या धर्माचा दाखला देऊन! राग येतो तो याचा. माझा मलाही येतो, कारण मी टाळ्या वाजवल्या.

सिस्टरनी शालीची घडी घालून ती खुर्चीवर ठेवली. "मी माफ केलेलं नाही. करायला हवं, अजून जमलेलं नाही. कोणी मागितलेलंही नाही. मग तुम्ही कसं जाहीर केलंत?"

"चला, चहा घ्या सगळ्यांनी," चेअरमन म्हणाले.

चहा घेताना लोक कुजबुजत होते, "बघा, एवढा मान दिला तरी!" बायकोनं माझ्या हातातला कप काढून घेतला. "आधी खाली जा."

गेलो. सिस्टर तांदूळ निवडत होत्या.

"सिस्टर, त्या दिवशी जे काही झालं…"

"काय झालं?"

"म्हणजे परिस्थिती अशी होती…"

"मग परिस्थितीला पाठवा. तुम्ही का आलात?"

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. अकरा वडे सांगणं सोपं होतं.

"तुम्ही हाक मारली. मी ऐकली. तीनदा. किल्ली माझ्या खिशात होती. मी आलो नाही."

त्यांचा हात तांदळात थांबला. मला भडभडून आलं आणि मी पुढे बोलून गेलो, "आजी गेल्या त्याही माझ्यामुळेच!"

"नाही," त्या ताडकन म्हणाल्या. "आई हृदयविकारानं गेली, तिला तो आधीपासून होता. ते घेऊ नका. केलंय तेवढंच घ्या. जास्तीचं पाप घेतलं की माणसाला त्यातही मोठेपणा वाटायला लागतो."

नर्सच त्या. डोस नेमका द्यायच्या.

तांदूळ पुढे सरकवत म्हणाल्या, "चार मारल्या होत्या."

"चौथी मला ऐकू आली नाही."

"ती तुम्हाला नव्हती." वर न बघता त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी नेहमीच्या झाडाखाली स्कूटर लावली. गाणं सुरू झालं, ती वेळ आली. दार उघडलं नाही. गाणं संपलं, आत शांतता झाली. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो आणि काही कारण नसताना पुसत होतो. लोक बाहेर पडायला लागले. सिस्टर सगळ्यांत शेवटी आल्या.

"म्हणजे मला माफ केलंत?"

"केलं."

"आणि बाकीच्यांना?"

त्या हळूहळू मागे बसल्या, पदर खोचून घेतला. "त्यांनाही केलं. एकाला धरून बसलं तरी तिथं जाता येत नाही. पण त्यांना सांगू नका. त्यांना वाटेल, झालं. त्यांचं अजून व्हायचंय."

पुढच्या वर्षी फ्लॅट विकून त्या नगरला भाचीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. बातमी आली तेव्हा चेअरमननी बोर्डावर श्रद्धांजली लावली. मला बोलावून हळूच विचारलं, "शेवटी मनात काही ठेवलं नव्हतं ना त्यांनी? तुम्ही सोडायला जायचात, तुम्हाला काही बोलल्या असतील."

"नाही बुवा, काही बोलल्या नाहीत," मी म्हणालो.

ते अजूनही अधूनमधून विचारतात. तुम्हाला सगळं सांगितलं, पण मांजर्लीकडे कधी आलात आणि ते भेटले, तर बोलू नका. त्यांनी अजून मागितलेली नाही.