सोन्याच्या पावलांचं इंग्रजी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शोभाच्या दिवसकार्याला घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही नाही. शोभा म्हणजे माझी बायको. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही नीट माहीत नाही.

जवळा बाजार गावाच्या बाजूला एका शाळेत मी इंग्रजी शिकवलं. इंग्रजीतल्या हट्टी नामांवर माझा जीव होता. दोन मुलं म्हणजे ‘चिल्ड्रन’, बैलजोडी म्हणजे ‘ऑक्सन’, दोन पाय म्हणजे ‘फीट’ — शेवटी सरळ ‘स’ लावून घ्यायला तयार नसलेले हे जुने शब्द. एखादं पोरगं ‘फूट्स’ म्हणालं आणि वर्ग हसला, तर मी वर्गाला दटावत असे. हसू नका, त्याला नियम कळलाय. नियम मोडला तो इंग्रजीनं. किती समजूतदार मास्तर, नाही का?

मुलगा परदेशात. त्याची लेक तीन वर्षांची झाली तरी तिला मराठी येत नव्हतं. शोभा सातवी शिकलेली. भाकरी थापता थापता ती माझ्याकडून एकेक शब्द घ्यायची. ‘पायाला काय म्हणत्यात हो?’ मी ‘फूट’ म्हणालो आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. दोन पायांचं तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढायची, मुखवटे आत आणताना एकीनं विचारायचं — लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? दुसरीनं म्हणायचं — सोन्याच्या पावलांनी. त्या वर्षी बायका जमल्या होत्या आणि मुलाचा व्हिडिओ फोन आला. शोभानं फोन पावलांवर धरला. नातीला म्हणाली, ‘लक्ष्मी कम. गोल्ड फूट्स.’

पलीकडून पोरगी आनंदानं ओरडली, ‘गोल्ड फूट्स! गोल्ड फूट्स!’

दोघींना एकमेकींचं बरोबर कळलं होतं.

आणि मी हसलो. मोठ्यानं. बायकांना म्हणालो, ‘घ्या! इंग्रजीच्या मास्तराची बायको, आणि तीन वर्षांच्या लेकराच्या वर्गात बसली.’

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘व्हय माय, नापास झालीस तर गुर्जी अंगठे धरायला लावतील गं!’

सगळ्या हसल्या. शोभाही हसली. पदरानं कपाळ पुसलं आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर इंग्रजीचा एकही शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. फोन वाजला की उठायची. ‘तुमी बोला. माझं दूध उतू चाललंय.’ भरदुपारी कसलं दूध? मला कळत होतं — पहिल्याच दिवशी कळलं होतं. चुकलं माझं, बोल तिच्याशी, एवढं म्हणायला काय लागत होतं? मुलगा विचारायचा, आई कुठाय? मी सांगायचो, तिला फोनचा कंटाळा आहे रे. हे मी सहा वर्षं सांगत राहिलो. त्यांचं येणंही जमलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून नातीचा आवाज ऐकायची. माझंही ऐकायची.

माघात ती गेली. मुलगा एकटाच आला. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि तो ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, ‘बाबा, आईला माझ्या लेकीशी दोन शब्द बोलावंसं का नसेल वाटलं? आवडतच नव्हती का ती तिला?’

तो हातभर अंतरावर होता. मी म्हणालो, ‘तिचा स्वभावच तसा होता.’

गेलेल्या बाईवर ढकललं. ती आता दाराआडूनही ऐकत नव्हती.

यंदा घरात सण नाही. तरी महालक्ष्म्यांच्या दिवशी फोन आला. नात आता मोठी झाली आहे. तिनं माझ्यामागचा रिकामा उंबरठा पाहिला आणि विचारलं, ‘आजोबा, व्हेअर आर द गोल्ड फूट्स?’

मागून माझा मुलगा म्हणाला, ‘फीट म्हणायचं, बेटा. फीट.’

तिनं लगेच सुधारलं. ‘गोल्ड फीट.’ आणि दोघंही माझ्याकडे पाहू लागले.

‘फूट्स’ हा शब्द कुणाचा होता, हे मला तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, ‘करेक्ट.’