झडतीआत्याचा टीव्ही

आत्याची सगळी नोकरी कापडगिरणीच्या फाटकावर, पाळी सुटल्यावर बायकांच्या पिशव्या तपासण्यात गेली. भावाची मुलं तिला पाठीमागे झडतीआत्या म्हणत, आणि तेही तिला माहीत होतं. न झालेली चोरीसुद्धा तिला वासावरून कळे. निवृत्त होऊन ती भावाकडे वरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा ही नजर काही फाटकावर ठेवून आली नाही.

घरात डिशचा डबा एकच, खालच्या बैठकीत. त्यामागच्या स्प्लिटरमधून एक वायर खालच्या टीव्हीला आणि दुसरी जिन्याच्या कठड्यावरून आत्याच्या टीव्हीला. खाली जे लागेल तेच वर दिसे. एक दिवस वरच्या चित्रात बारीक मुंग्या आल्या. खाली मात्र चित्र स्वच्छ. वहिनीच डब्यामागे काहीतरी करते, याला आत्याला आणखी पुरावा कशाला हवा? वहिनी डब्यापाशी झाडायला वाकली की आत्या जिन्यात कान टवकारून उभी. वहिनी हसली तर संशय, गप्प बसली तर दुप्पट संशय. बघणाऱ्याचा जीव वहिनीसाठी तुटे, पण आत्याला ती आपली ड्युटीच वाटे.

पुढे मुंग्या इतक्या वाढल्या की माणसांचे चेहरेही ओळखू येईनात. तुझी बायको मला घराबाहेर काढायला बघतेय, असं आत्यानं भावाला तोंडावर सांगितलं. भाऊ तसा मवाळ, पण त्या दिवशी त्याचाही तोल गेला.

"ताई, उद्या मेकॅनिक येतोय. हिनं काही केलं असेल तर हिला तुझी माफी मागायला लावतो. नसेल केलं, तर तू धाकट्याकडे राहायला जा. ही रोजची कटकट मला आता सोसत नाही."

धाकट्या भावाच्या घरी आत्याचं दोन दिवसही धड निभलं नव्हतं. तरी ती छातीठोकपणे हो म्हणाली.

मेकॅनिकनं स्प्लिटरची सैल पिन घट्ट केली. वरचं चित्र जरा सुधारलं, पण मुंग्या होत्याच. मग तो वायर बोटांनी चाचपत जिना चढू लागला आणि मागोमाग सगळं घर. वळणावर तो थांबला. कठड्याच्या दांडीआड वायर मेणाच्या दोऱ्यानं करकचून आवळलेली होती, आतली तार पिचेपर्यंत.

"दुखणं इथं आहे," तो म्हणाला. "हे बांधलं कुणी?"

आत्यानं गाठ ओळखली. गिरणीत कोठाराच्या कडीला ती अशीच दुहेरी गाठ मारायची, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. पहिल्या मुंग्या दिसल्या त्याच संध्याकाळी वायरला तिनं तीच गाठ मारली होती. भाऊ तिच्याकडे बघू लागला.

"मी बांधलं," वहिनी म्हणाली. "वायर लोंबत होती. माझं चुकलं, वन्सं."

भावानं मान खाली घातली. मेकॅनिक वायर कापून जोडायला बसला. इतके महिने आत्या वहिनीचं एक तरी खोटं पकडायला टपून होती. आज ते भर जिन्यात, सगळ्यांसमोर सापडलं, आणि तिला ते कुणालाच सांगता येत नव्हतं.