माफीचे कागद विकणारा

नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'पार्डनर' हा शब्द आला, म्हणून मी शब्दकोश उघडला: जुन्या युरोपात धर्माच्या नावाने गावोगाव हिंडून पापांच्या माफीचे कागद विकणारा, आधी इस्पितळांसाठी, पुलांसाठी देणग्या मागणारा, पुढे लबाड म्हणूनच ओळखला गेलेला. वाचता वाचता मला मदिनेतल्या त्या हॉटेलची लॉन्ड्री आठवली, तिथली कोंदट वाफ आणि गरम चादरींचा वास. मी तिथे कारकून होतो. सौदीकरणाचा, म्हणजे परदेशी कमी करून सौदी माणसं घेण्याचा, सरकारी आकडा जुळवायला एक परदेशी माणूस कमी करायचा होता आणि नाव सुचवायला मॅनेजरने मलाच सांगितलं. माझंच नाव जाईल या भीतीने मी लॉन्ड्रीतल्या चाचांचं नाव टाइप केलं. चाचा रत्नागिरीकडचेच, मला तिथे नोकरीला चिकटवणारेही तेच. नाव कुणी दिलं, हे त्यांना कळलंच नाही. कायमचे निघताना आमच्यात सगळ्यांची माफी मागतात, तसे ते माझ्या टेबलापाशी आले. "बोललंचाललं माफ कर रे बाबा, परत भेट होते न होते," म्हणाले आणि आपली इलेक्ट्रिक किटली माझ्यापुढे ठेवली. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं, "माफ केलं, चाचा." ते डोळे पुसत, हलके होऊन गेले. वर्षभरात गावाहून त्यांच्या मयताची खबर आली. "दादा, माफी विकणारी असली माणसं आता नसतात ना?" नातीने विचारलं. "नसतात," मी म्हणालो आणि चहासाठी त्याच किटलीचं बटण दाबलं.