चुकून लागलेला फोन

शपथ मोडली की देवापुढं उभं राहायला तोंड उरत नाही. जतजवळच्या आमच्या गावच्या बिरोबापुढं मी बिडी सोडायची शपथ तीनदा घेतली, तीनदा मोडली. मग देवळात जाणंच थांबवलं.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी सांगलीत हळदीच्या गोदामात कारकून होतो. मुलगी आठ महिन्यांची. तिला सारखी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या धुरानं तिचं दुखणं वाढतंय. बिडी सोडा. अगदीच राहवलं नाही तर मला फोन करा."

दुसऱ्याच दिवशी दुपारी राहवेना. ओठांत बिडी, हातात काडेपेटी, तशातच ऑफिसातून डॉक्टरांचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज येताच मी मुलीचं, शपथांचं, सगळं बोलून मोकळा झालो.

"मी डाक्टर न्हाई गड्या. रिटायर मास्तर हाय. नंबर चुकला तुझा," एक म्हातारा आवाज म्हणाला. मी ओशाळून फोन ठेवणार, तोच ते म्हणाले, "थांब. ती बिडी खाली ठेव. घोटभर पानी पी. मी हाय हितं."

दहा मिनिटं बोलत राहिलो. तलफ ओसरली. त्यांनी आपला नंबर लिहून घ्यायला लावला. "उद्या वाटलं तर पेटवायच्या आधी फोन कर."

मी रोज करू लागलो. मधे एकदा बिडी ओढली आणि लाजेनं दोन दिवस फोन टाळला. तिसऱ्या दिवशी ते रागावले नाहीत. "एक वडलीस म्हनून सगळं बुडालं न्हाई. कवा वडलीस, कुनासंगं, त्ये सांग." मग हळूच म्हणाले, "आमी विहारात जानारी मानसं, देवाकडं मागत न्हाई. पर तू मागतूस तर जन्माचं कशाला? आजच्यापुरतं माग."

तेव्हा उमगलं, आजवर मी देवाला माझी ताकदच दाखवत होतो. मागितलं कधी नव्हतं.

बिडीविना तीन महिने गेले. लेकीची धाप कमी झाली. मी म्हणालो, "मास्तर, तुमाला लय तरास दिला."

"तरास? आरं, तू पहिल्यांदा फोन केलास तवा मला बिडी सोडून दोनच म्हैनं झालं हुतं. दुपारची तलफ मलाबी यायची. तुझ्यासंगं बोलता बोलता जायाची."

त्या दिवशी बोट कुणी चुकवलं, ते मी शोधत बसत नाही. हात जोडतो. आणि कुणी विचारलं तर बिडी सोडली असं म्हणत नाही, सुटली म्हणतो.