दगडाबाईचं वारं

आमच्याकडं वारं हा एकच शब्द दोन गोष्टींना चालवतात. देवी अंगात आली की वारं आलं, आणि अंगाची एक बाजू लुळी पडली की वारं गेलं. ज्यानं कुणी ही वाटणी केली तो मला एकदा भेटायला पाहिजे, चांगला फैलावर घेईन त्याला. कारण ह्या आलं-गेलंच्या घोळात माझी दगडा मुकी झाली.

दगडाबाई म्हणजे आमच्या तामलवाडीतलं सगळ्यात मोठं तोंड. हे मी लाडानं म्हणतेय. द्राक्षाच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायकांची टोळी ती चालवायची. सकाळी टेम्पो आला की तिचा पट्टा सुरू व्हायचा, तो चुलीपुढंच थांबायचा. तिचा नवरा लिंबाजीभाऊ म्हणायचा, "झोपेतबी भांडती, फकस्त कुणासंगं ते कळत न्हाय." एका बागाईतदारानं भर उन्हात बायकांना प्यायला पाणी ठेवलं नव्हतं, तर ही सगळी टोळी घेऊन बांधावर बसली आणि त्याला म्हणाली, "आमी काय उंटिणी हाव व्हय?" तो बिचारा स्वतः घागर घेऊन आला.

मी गावातली अंगणवाडी चालवते. आम्ही बौद्ध, ती देवीची भगतीण, पण तिचा अमरसिंह माझ्या अंगणवाडीत पहिल्यांदा आला तेव्हा रडून रडून निळा झाला, म्हणून ही रोज दाराशी बसायची, आणि तिथंच आमची गट्टी जमली. दर मंगळवारी हिच्या अंगात यायचं. केस मोकळे सोडून घुमायची, बायका पुढं बसून गाऱ्हाणी सांगायच्या. माझा त्यावर विश्वास नाही, हे तिला ठाऊक होतं. बुधवारी मी चिडवायची, "काय गं, काल तुझ्या देवीनं माझी चौकशी केली का?" ती म्हणायची, "केली की. म्हणली, पौर्णी लई शहाणी हाय, तिला म्याबी भीते." मग दोघी पोट धरून हसायचो. पण मी त्यात कधी मोडता घातला नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका तिच्यापुढंच तोंड उघडायच्या, आणि त्या नवऱ्यांना समोर बसवून देवीच्या आवाजात अशी काही सोलायची की महिनाभर त्यांचा हात उठायचा नाही.

भांडण व्हायचं ते गोळ्यांवरून. तपासणीत तिचा बीपी भलताच वाढलेला निघाला, गोळ्या चालू झाल्या. ही डोकं दुखलं तरच घ्यायची. म्हणायची, "ठणकत न्हाय तर कशाला खायाची गं?" आमच्याकडं निम्मं गाव असंच वागतं. माझी लेक श्रावस्ती सोलापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं समजावून सांगितलं, की मावशी, बीपी दुखत नसतो, हीच तर त्याची खोड. मोटरीचा दाब वाढला म्हणून नळातून काही आवाज येत नाही, पाइप मात्र आतून झिजत राहतो. तशा रक्ताच्या नळ्या आतून खरबरीत होतात, तिथं गुठळी धरते, आणि ती कधी मेंदूच्या वाटेत जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची, बरं वाटत असलं तरी. दगडा म्हणाली, "बरं वाटतंय तर मग काय इचारतीस!" आणि हसत हसत गोळ्यांचं पाकीट फळीवर टाकलं.

ते पौषातल्या देवीच्या नवरात्राचे दिवस होते. तुळजापूरला गर्दी उसळलेली. अमरसिंह आता मोठा झालाय, यात्रेकरूंची जीप चालवतो, त्याला घास खायला फुरसत नव्हती. मंगळवार होता, दगडानं उपास धरलेला. सकाळी नवऱ्याकडं चहा मागितला, प्याली, आणि देव्हाऱ्यापुढं बसली. थोड्या वेळानं एका अंगावर कलली. मान हलायला लागली, उजवा हात वाकडा झाला, तोंडातून काही तरी अगम्य निघायला लागलं. शेजारच्या बायका धावल्या, बघितलं, आणि हात जोडले. वारं आलं.

लिंबाजीभाऊला मात्र शंका आली. दर मंगळवारी ती घुमते तशी आज घुमत नव्हती. त्यानं अमरला फोन लावला. घाबरलेला माणूस, जिभेला जे सापडलं ते बोलला, "अमर, तुज्या आईला वारं आलंय रं, बिगीबिगी ये."

तिकडं जीपमध्ये माणसं कोंबलेली, मागून हॉर्न. अमर म्हणाला, "आज मंगळवार हाय दादा, येणारच की. नारळ फोडा, म्या दुपारनं येतो." फोन बंद.

आलंय म्हणाला. गेलंय म्हणाला असता तर तो पोरगा जीप भर रस्त्यात सोडून पळत आला असता. एवढंच. एवढ्याशा फरकावर माणसाचं आयुष्य जातं, आणि ह्याचा राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. भाऊनं परत फोन लावला, तो कुणी उचलला नाही.

मी अंगणवाडी बंद करून दुपारी आले तेव्हा अंगणात पन्नासेक माणूस. एक म्हातारी दगडाच्या तोंडाशी कान नेऊन बाकीच्यांना अर्थ सांगत होती: आई कोपलीय, कुणाचा तरी नवस राहिलाय. मी पुढं घुसले. तोंडाचा एक कोपरा खाली लोंबत होता, पाजलेलं हळदीचं पाणी त्यातून गळत होतं. आणि डोळे! त्या डोळ्यांत देवीबिवी कुणी नव्हती. माझी मैत्रीण होती, आणि भीतीनं अर्धमेली झाली होती. मला बघून तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला.

"अगं बायांनो, हे ते वारं न्हाय!" मी ओरडले.

कुणी तरी म्हणालं, "तुमच्यात देव न्हाय बाई. तुमाला ह्यातलं काय कळतंय?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात लिंबाजीभाऊ उठला, बायकोच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाला, "बाई म्हणतात तेच खरं हाय. वाट सोडा." मी श्रावस्तीला फोन केला. ती म्हणाली, "मावशीला हसायला सांग. दोन्ही हात वर करायला सांग. तुझं नाव घ्यायला सांग. तिन्हींतलं एक जरी जमलं नाही तरी लकवाच धर, एकशे आठला फोन कर. आणि आई, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, छातीत जाईल." हसायला सांगितलं तर अर्धंच तोंड हललं. एकच हात वर गेला. माझं नाव, जे ती रोज गल्लीच्या टोकावरून ओरडायची, ते काही तिच्या तोंडातून निघेना.

सोलापूर आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. अर्धा तास! सकाळपासून ते तिथंच होतं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "ह्या शेवटच्या धड कधी बोलल्या?" भाऊ म्हणाला, "सकाळी. च्या मागितला तवा." डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. पुढचं मला श्रावस्तीनं बाकड्यावर बसवून सांगितलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात. मेंदूची मोठी शीर तुंबली की मिनिटाला लाखोंनी पेशी मरतात. उशीर झाला की तिथल्या नळ्या कच्च्या पडतात, मग त्याच इंजेक्शननं आत रक्तस्राव व्हायची भीती. मी विचारलं, "दुसरं काही नाही का गं?" ती म्हणाली, "आहे. अलीकडच्या संशोधनानंतर मांडीच्या शिरेतून बारीक तार वर नेऊन गुठळी ओढून काढतात. काही निवडक माणसांत चोवीस तासांपर्यंतसुद्धा. पण त्याला मेलेल्या भागाच्या भोवतीनं अजून जीव धरून असलेला भाग लागतो. वाचवायला काही तरी उरलेलं लागतं, आई." दगडाच्या मेंदूच्या फोटोत ते उरलं नव्हतं.

अमर आला. पायात चप्पल नव्हती. मी ठरवलं होतं, दिसला की थोबाडीत द्यायची. तो म्हणाला, "मावशी, मला वाटलं..." मग मीच त्याला जवळ घेतलं. एवढा थोराड बाप्या, पण अंगणवाडीच्या दारात रडायचा तसा रडला.

दगडा जगली. काठी धरून चालायलाही लागली. पण शब्द गेले. एकच उरला: उदं. पाणी पाहिजे, उदं. पाय दुखतोय, उदं. सून मीठ जास्त घालते हे सांगायचंय, तेही उदं. आपल्याला काय म्हणायचंय ते तिला पुरतं कळतं, आपल्या तोंडातून भलतंच पडलं हेही कळतं, आणि मग ती कपाळावर हात मारून घेते. श्रावस्ती सांगते, बोलणं जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, तिथं घाव बसला. पण घोकून घोकून जिभेवर बसलेलं, आरती, शिवी, देवाचं नाव, त्याची वाट वेगळी असते, ती कधी कधी शाबूत राहते. जन्मभर देवीचा उदोकार केलेला, तोच तेवढा मागं राहिला.

झालं! गावोगाव बातमी पसरली, की तामलवाडीच्या बाईच्या मुखी आता देवीशिवाय दुसरं नाव नाही. माणसं नारळ घेऊन यायला लागली. मी केरसुणी घेऊन हाकलायची, तर तीच माणसं मागच्या दारानं यायची. दगडा बिचारी सांगायला बघायची, की अरे बाबांनो, मला शब्द सापडत नाहीत, मी आजारी आहे. आणि तोंडातून निघायचं, उदं उदं. तेवढ्यावर माणसं लोटांगण घालायची.

श्रावस्तीनं एक इलाज दाखवला. ज्यांना बोलता येत नाही त्यांतल्या काहींना गाता येतं. म्हणून शब्द चालीत बसवायचा, डाव्या हातानं मांडीवर ताल द्यायचा, आणि गाता गाता तो बोलण्यात येतो का बघायचं. सगळ्यांना जमत नाही, जमलं तरी फार दिवस लागतात. अमरनं ते अंगावर घेतलं. संध्याकाळी जीप लावली की आईपुढं बसायचा, तिचा डावा हात हातात घ्यायचा आणि पाळण्याच्या चालीवर स्वतःचंच नाव गायचा. अ-मर, अ-मर. त्याला दुसरं काही नको होतं. आईनं एकदा नाव घेऊन आपल्याला फाडून खावं, तू फोन का ठेवलास म्हणून विचारावं, एवढ्यासाठी तो झुरत होता. मला म्हणायचा, "मावशी, ती बोललीच न्हाय तर मला माफ केलं का न्हाय ते कळायचं कसं?" मी म्हणायची, "अरे, आई आहे ती." पण त्याचं त्यावर भागत नव्हतं.

मागच्या मंगळवारी मी तिथंच होते. गाऊन गाऊन त्याचा गळा बसला, आणि एकदम आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, नाव ऱ्हाऊ दे. एक शिवी दे मला. तुज्या पाया पडतो, एकच दे." दगडानं त्याच्या केसांतून हात फिरवला. मग तिचं तोंड उघडलं. ओठ लांबले, गळ्याच्या शिरा ताणल्या, "अ... अ..." असा आवाज आला. अमरनं मान वर केली.

"उदं," ती म्हणाली.

दारात जळकोटहून आलेलं एक जोडपं उभं होतं, आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. "आई बोलली!" म्हणत दोघं उंबऱ्यावर आडवी झाली. दगडानं त्यांच्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं. डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी हात काढायला गेले, तर तिनं नको म्हणून मान हलवली.

तेव्हापासून माणूस समोर आलं की ती तोंडावर हात ठेवते. अमर आला तरी ठेवते. जेवताना घासापुरता काढते, आणि घास गिळला की परत ठेवते.